नाक्यावरचा कर वहीत आला

मार्केट यार्डातल्या गूळ-भुसार विभागात नातवाला घेऊन गेलो होतो. किलोभर काजू घेतले, बिल घेतले. आठवीतल्या मुलाने ते वाचून विचारले, ‘‘आजोबा, किमतीखाली हा कर वेगळा लिहिलाय, तो या काकांनाच मिळतो का?’’ प्रश्न साधा. पण असाच प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

पुण्यात येणारा माल 2013 पर्यंत जकात नाक्यावर थांबत असे. ट्रकची रांग, पावती, मग शहरात प्रवेश. कर घेणारा डोळ्यांना दिसे. विक्रीकराचे तसे नव्हते. मद्रास प्रांतात राजाजींच्या मंत्रिमंडळाने तो 1939 मध्ये आणला. दारूबंदीने घटणारे उत्पन्न कोठून तरी भरून काढायचे होते. मुंबई प्रांतात तो 1946 च्या कायद्याने आला. तेव्हा पुण्याचा घाऊक भुसार व्यापार नाना पेठ, भवानी पेठेत चाले. सरकारने दुकानादुकानांपुढे शिपाई बसवले नाहीत. ठरावीक उलाढालीच्या वरच्या व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हिशेब ठेवायचा आणि मुदतीत कर भरायचा. व्यापारी सरकारचा बिनपगारी कारकून झाला म्हणा ना!

मग गल्ल्यातले ते पैसे कोणाचे? 1959 च्या मुंबई विक्रीकर कायद्यात, गिऱ्हाईकाकडून कराच्या नावाखाली जादा घेतलेली रक्कम सरकारजमा करण्याची तरतूद होती. गुजरातमध्येही तोच कायदा लागू होता. तिथल्या अजित मिल्सच्या खटल्यात या तरतुदीला आव्हान मिळाले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे कर म्हणून घेतलेला पैसा दुकानदाराला नफा म्हणून ठेवता येत नाही. नातवाला हे लगेच पटले.

पुढचे समजावायला कागद लागला. 1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला देशभर जीएसटी. दोन्हींची रीत सारखीच. समजा, कर शेकडा पाच. घाऊक व्यापाऱ्याने शंभराचा माल किराणा दुकानदाराला 105 ला दिला. त्याने त्यावर वीस रुपये चढवून 120 आणि कर सहा, असे 126 घेतले. आधी दिलेले पाच वजा करून त्याने सरकारला एकच रुपया भरायचा. बाकीचे पाच घाऊकवाल्याच्या हिशेबात. सहाच्या सहा रुपये गेले ते मात्र आपल्या खिशातून.

व्यापाऱ्याची तक्रारही मुलांना सांगावी. यार्डात बराच व्यवहार उधारीवर होतो. किराणा दुकानदाराने पैसे थकवले, तरी घाऊकवाल्याला कर वेळेवर भरावाच लागतो. व्हॅटच्या वेळी राज्यात बंद झाले, 2013 मध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला तेव्हा पुण्यातली दुकाने बंद राहिली. जुलै 2022 मध्ये 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या डाळ-तांदळाच्या पिशव्यांवर पाच टक्के जीएसटी लागला, तेव्हाही विरोध झालाच. सुटे धान्य मात्र करमुक्त राहिले. पोते तेच, डाळ तीच. पिशवीत भरून नाव छापले की कर! हे नातवाला काही केल्या पटेना. मलाही नीट पटवता आले नाही.

बाहेर पडताना आम्ही उसाचा रस प्यायलो. नातवाने बिल मागितले. रसवाला हसला आणि म्हणाला, ‘‘बाळ, एवढी उलाढाल व्हायला अजून पुष्कळ ऊस पिळावा लागेल.’’