कार्यालयातील फोन कोणी उचलायचा?

फाइल, टिपणी आणि परिपत्रक यांविषयी आपण प्रशासनातील माणसे पुष्कळ बोलतो. टेबलाच्या कोपऱ्यावरील फोनविषयी मात्र सहसा बोलत नाही. फोन ही वस्तू भांडारपालाने मागवायची, कंत्राटदाराने बसवायची आणि बिल आले की लेखाशाखेने तपासायची, एवढाच तिचा प्रशासनाशी संबंध, अशी आपली समजूत असते. परंतु कार्यालयातील फोन कोणाच्या टेबलावर वाजावा, त्याने न उचलल्यास कोणाकडे जावा, सुटीच्या दिवशी कोठे वाजावा, हे ठरविणे म्हणजे जबाबदारीचे वाटप करणेच आहे. हे वाटप पूर्वी कोण करीत असे, आज कोण करतो, आणि मधल्या काळात ते आपल्या हातून कसे निसटले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

भारतात 28 जानेवारी 1882 रोजी कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथील टेलिफोन एक्स्चेंजांचे रीतसर उद्घाटन झाले. कोलकात्याचे एक्स्चेंज कौन्सिल हाऊस स्ट्रीटवर होते आणि त्याचे ग्राहक होते अवघे 93. त्या काळी प्रत्येक जोडणी माणसाने करावयाची असे. पुढे मोठ्या कचेऱ्यांनी स्वतःपुरते छोटे एक्स्चेंज ठेवले. त्याला पीबीएक्स म्हणत. बोलीभाषेत तो नुसता ‘बोर्ड’ होता. बाहेरून आलेला फोन आधी बोर्डावर येई, ऑपरेटर विचारपूस करी आणि दोरीची पिन योग्य छिद्रात खोचून जोडणी देई.

आजच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत ज्यांना ‘फीचर्स’ म्हणतात, ती बहुतेक सर्व त्या ऑपरेटरच्या डोक्यात होती. साहेब दौऱ्यावर आहेत, मग फोन उपसचिवांना द्यावा. बैठक चालू आहे, मग नाव लिहून घ्यावे. पलीकडचा माणूस घाबरलेला आहे, मग बैठक चालू असली तरी जोडून द्यावे. कॉल ट्रान्सफर, कॉल फॉरवर्ड, ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि त्याला अपवाद, हे सारे एका माणसाच्या तारतम्यावर चाले. त्या तारतम्यात पक्षपात, आळस आणि चोरून ऐकण्याची सवय यांनाही जागा होती, हे विसरून चालणार नाही.

किंबहुना स्वयंचलित एक्स्चेंजच्या जन्माची प्रसिद्ध कथा अशा पक्षपाताचीच आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचा व्यावसायिक होता. आपले गिऱ्हाईक ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, म्हणून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारी यंत्रणा शोधली, असे सांगतात. कथेतील तपशील काहीही असोत, त्याला 1891 मध्ये पेटंट मिळाले आणि पुढची अनेक दशके जगभर त्याच्या पद्धतीची एक्स्चेंजे चालली. भारतातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज 1913-14 मध्ये सिमल्याला, म्हणजे तत्कालीन सरकारच्या उन्हाळी राजधानीत बसले, त्याची क्षमता 700 लाइनींची होती. यंत्र निःपक्षपाती होते, पण त्याला तारतम्य नव्हते. डायल फिरविलेल्या क्रमांकावर घंटा वाजविणे एवढेच त्याला ठाऊक. तेथे कोणी आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

लांबच्या गावी बोलण्यासाठी मात्र माणसाची गरज आणखी बराच काळ उरली. घरापासून दूर नोकरी केलेल्या वाचकांना 180 फिरवून ट्रंक कॉल नोंदविणे आठवत असेल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या पायऱ्या होत्या, आणि ‘पीपी’ म्हणजे विशिष्ट व्यक्तीलाच बोलावून देण्याची सोय होती. तातडी किती आणि कोणाशी बोलावयाचे, हे दोन्ही प्रश्न जोडणीपूर्वीच विचारले जात. 1960 मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि हळूहळू हे प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही.

त्याच्या जागी दुसरा प्रश्न आला, तो म्हणजे बिलाचा. कोणाला बाहेरगावी फोन लावता यावा यावर बंधन घालणे आवश्यक झाले. काही कचेऱ्यांनी डायलच्या छिद्रात चिमुकले कुलूप अडकविले आणि किल्ली स्वीय सहायकाकडे दिली. डायल फिरते तेव्हा लाइनचा प्रवाह अंकाइतक्या वेळा तुटतो, शून्याला दहा वेळा. हे कळलेल्या चतुर मंडळींनी रिसीव्हर ठेवण्याची खिट्टी तालात दाबून कुलूप न उघडताच क्रमांक लावण्याची कला साधली. नियंत्रण कुलपात असून भागत नाही, ते यंत्राच्या आतच असावे लागते, हा धडा येथे मिळाला.

यंत्राच्या आतील हे नियंत्रण संगणकाने आणले. 1965 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सकासुना येथे बेल कंपनीने आपले पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केले. त्यात जोडणीचे नियम तारांच्या मांडणीत गुंतलेले नव्हते, स्मृतीत साठविलेल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले होते. नियम बदलायचा तर तार उपसावी लागत नसे. त्यामुळे कॉल दुसरीकडे वळविणे, तिघांनी एकत्र बोलणे, थोडक्या अंकांत क्रमांक लावणे या सोयी सर्वसामान्य ग्राहकाला देता आल्या. यंत्राला आज्ञा देण्यासाठी बटणांचा फोन 1963 मध्येच बाजारात आला होता. त्यावर तारा आणि हॅश ही दोन चिन्हे 1968 मध्ये आली. आज आपण ती सहज दाबतो. क्रमांकाहून वेगळे असे काही यंत्राला सांगता यावे, हा त्यांचा उपयोग.

भारतात हे तंत्र सरकारी कचेरीच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर सी-डॉटला जाते. ऑगस्ट 1984 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला 36 महिन्यांची मुदत आणि 36 कोटी रुपये मिळाले होते. तिने 128 पोर्टचा छोटा एक्स्चेंज तयार केला. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उकाड्यात तो चालावा अशी त्याची रचना होती. त्याच घराण्यातील ग्रामीण एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसला, तर कार्यालयासाठीच्या पीबीएक्सचे तंत्र खासगी उत्पादकांना परवान्याने देण्यात आले. 1990 च्या दशकात जिल्ह्या-जिल्ह्यांतील कार्यालयांत ‘ईपीएबीएक्स’ हा उच्चारायला अवघड शब्द रुळला, आणि ऑपरेटरची पदे रिक्त झाली की ती पुन्हा भरण्याची घाई राहिली नाही.

येथे एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. ऑपरेटर जे निर्णय घेत असे ते संपले नाहीत, ते यंत्राच्या सेटिंगमध्ये गेले. कोणत्या एक्स्टेन्शनला फक्त अंतर्गत बोलता येईल, कोणाला स्थानिक आणि कोणाला एसटीडी, हे ‘क्लास ऑफ सर्व्हिस’मध्ये ठरते. एक फोन व्यस्त असल्यास कॉल पुढच्या टेबलाकडे जावा की नाही, हे ‘हंट ग्रुप’ ठरवितो. शेजारच्या रिकाम्या टेबलावर वाजणारा फोन जागेवरून उचलता यावा, ही सोय ‘कॉल पिकअप’ची. साहेबांचा फोन आधी स्वीय सहायकाकडे वाजावा, ही ‘बॉस-सेक्रेटरी’ जोडी. ही सेटिंगे कोणी केली? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते: यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने, एका दुपारी, ‘कसे ठेवू?’ असे विचारून आणि ‘नेहमीसारखे ठेवा’ असे उत्तर ऐकून. कोडची पुस्तिका कोणाच्या तरी खणात गेली आणि तो कर्मचारी बदलून गेला.

बाहेरच्या लाइनी किती घ्याव्यात हाही असाच अंदाजपंचे सोडविला जाणारा प्रश्न. वस्तुतः त्याचे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ एरलांग यांनी 1917 मध्येच मांडून ठेवले आहे. समजा, कार्यालयात 100 एक्स्टेन्शन आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येकावर बाहेरचे दोन कॉल, प्रत्येकी तीन मिनिटांचे होतात. एकूण बोलणे 600 मिनिटांचे, म्हणजे सरासरी 10 लाइनी सतत व्यापलेल्या. म्हणून 10 लाइनी पुरतील असे वाटते. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, ते एकदम येतात. एरलांगच्या सूत्राप्रमाणे 10 लाइनींवर शंभरातील सुमारे 21 कॉल अडतात. हे प्रमाण एका टक्क्याच्या आत आणायचे तर 18 लाइनी लागतात. लेखाशाखेला आठ लाइनींचे भाडे दिसते. परत फिरलेला माणूस कोठल्याच नोंदवहीत येत नाही.

या सर्व सोयींत सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे ‘नाइट सर्व्हिस’. कार्यालय बंद झाल्यावर मुख्य क्रमांकावरचा कॉल पहारेकऱ्याच्या खोलीत किंवा नियंत्रण कक्षात वाजावा, एवढेच तिचे काम. ती का हवी, हे आपल्याच इतिहासात पाहावे. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. भोपाळची वायुगळती 2 डिसेंबर 1984 च्या रविवारच्या रात्री सुरू झाली. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, कच्छचा 26 जानेवारी 2001 च्या सकाळी प्रजासत्ताक दिनी, आणि त्सुनामी 26 डिसेंबर 2004 च्या रविवारी सकाळी. या पाचही वेळी कार्यालयाची वेळ नव्हती. आज राज्याच्या नियंत्रण कक्षासाठी 1070 आणि जिल्ह्यासाठी 1077 हे क्रमांक आहेत. तरीही संकटातला माणूस अनेकदा वहीत लिहिलेला तहसीलचा नेहमीचा क्रमांकच फिरवितो. तो क्रमांक रात्री कुलूपबंद खोलीत वाजत राहावा काय, याचा निर्णय यंत्र करू शकत नाही.

त्सुनामीच्या त्याच सकाळची आणखी एक गोष्ट त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. भूकंपाची सूचना देणारा फॅक्स विद्यमान मंत्र्यांऐवजी माजी मंत्र्यांच्या निवासस्थानी गेला. मंत्री बदलून काही महिने झाले होते, यादीतील क्रमांक बदलला नव्हता. कॉल फॉरवर्डचा धोका नेमका हाच आहे. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर वळविलेला फोन कार्यालयात कोणालाच ऐकू येत नाही, आणि करणाऱ्याला वाटते की फोन लागतो आहे, कोणी उचलत नाही. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरविणे आवश्यक झाले. ईपीएबीएक्समध्ये साठविलेल्या मोबाइल क्रमांकांतही तो शून्य घालावा लागला. बाहेरची लाइन घेण्याचा आकडाही शून्यच असेल, तर दोन शून्ये. जेथे हे कोणी केले नाही, तेथील फॉरवर्ड त्या दिवसापासून निरुपयोगी झाला. मोबाइलवर तर फॉरवर्डचा कोड फसवणुकीचे साधन बनला. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून लोक तो दाबीत आणि त्यांचे कॉल भामट्याकडे जात. म्हणून दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून कोडद्वारे फॉरवर्ड करण्याची सोय थांबविली.

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करावयाची असते. अनेक कार्यालये ती करतातही. पण निर्देशिका प्रसिद्ध करणे आणि फोन उचलला जाणे यांत जे अंतर आहे, ते याच सेटिंगांनी भरून निघते किंवा वाढते. नागरिकाला क्रमांक दिला आणि त्यावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठेवले, तर कायद्याचे अक्षर पाळले गेले, इतकेच.

उपाय फार खर्चिक नाही. कार्यालयप्रमुखाने एका पानाचा कार्यालयीन आदेश काढावा. मुख्य क्रमांक कोणत्या क्रमाने कोणाकडे वाजेल, किती घंटांनंतर पुढे जाईल, कार्यालयाच्या वेळेनंतर कोठे वाजेल, आणि फॉरवर्ड लावण्या-काढण्याची नोंद कोण ठेवील, हे चार मुद्दे त्यात असावेत. पदभार सोपविण्याच्या यादीत चाव्या आणि फायली असतात, तशी ‘दूरध्वनीवरील फॉरवर्ड रद्द केला’ ही ओळही असावी. आणि तीन महिन्यांतून एकदा, शक्यतो रविवारी पहाटे, प्रमुखाने आपल्याच कार्यालयाचा क्रमांक बाहेरच्या फोनवरून लावून पाहावा. कोणी उचलला, किती वेळाने, आणि उचलणाऱ्याला पुढे काय करायचे हे ठाऊक होते का, हे सोमवारी टिपणीत लिहावे.