ॲक्युपंक्चरचा रुग्णालयीन उपचारांतील प्रवेश

ॲक्युपंक्चर : शरीरावरील ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना व अन्य विकार यांवर उपचार करण्याची प्राचीन चिनी पद्धती. ‘चि’ ही जीवनशक्ती शरीरातील विशिष्ट मार्गांनी वाहत असते व तिच्या प्रवाहातील अडथळे सुयांच्या योगे दूर होतात, अशी या पद्धतीमागील पारंपरिक धारणा आहे. सूची व वेध या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून बनलेले तिचे नाव डच वैद्य विलेम टेन ऱ्हाइने यांच्या १६८३ मधील ग्रंथामुळे यूरोपात परिचित झाले. आधुनिक रुग्णालयात मात्र तिला स्थान मिळाले ते विसाव्या शतकात. आणि ते शास्त्रीय सिद्धतेपेक्षा गरजेपोटी मिळाले, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चीनमध्येच १९२९ साली पारंपरिक वैद्यक बंद करण्याचा ठराव शासकीय पातळीवर झाला होता. वैद्यांच्या विरोधामुळे तो अंमलात आला नाही. पुढे जपानशी चाललेल्या युद्धात येनान भागातील साम्यवादी प्रदेशाला औषधांची व शिकलेल्या डॉक्टरांची तीव्र टंचाई जाणवू लागली. माओ-त्से-तुंग यांनी १९४४ मध्ये केलेल्या एका भाषणात, पंधरा लाख लोकवस्तीच्या या प्रदेशात दोन हजार मांत्रिक असल्याचे सांगून, नव्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांना बरोबर घ्यावे, असे आवाहन केले. एप्रिल १९४५ मध्ये येनान येथील बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा हा पहिला विभाग मानला जातो. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या चू ल्येन या डॉक्टर महिलेने ही पद्धती आत्मसात करून १९५१ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला व मज्जासंस्थेच्या परिभाषेत तिची नवी मांडणी केली.

बेथून हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) व नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे डॉ. मदन अटल यांच्या नेतृत्वाखालील पाच जणांच्या भारतीय वैद्यकीय पथकात होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालेले हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. कोटणीस यांची १९४१ मध्ये उत्तर चीनच्या युद्धक्षेत्रातील, बेथून यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली व ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. लुधियाना येथील ॲक्युपंक्चर रुग्णालयास त्यांचे नाव दिलेले आहे. त्यामुळे ही विद्या भारतात कोटणीसांमुळे आली, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. कोटणीस शस्त्रक्रियाकार होते आणि येनानचा विभाग उघडला तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे उलटली होती. हा मान त्यांचे पथकातील सहकारी, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांचा आहे. बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले व १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात त्याचा उपयोग सुरू केला. तीनच वर्षांनी झालेल्या भारत-चीन युद्धामुळे दोन देशांतील संबंध दुरावले. चिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्येला त्या वातावरणात राजाश्रय मिळणे कठीणच होते.

पाश्चात्त्य देशांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले ते १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांची पीकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली व त्यांनी आपला अनुभव ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिला. सुया टोचून त्यांचे पोट फाडले, अशी कथा पुढे पसरली. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीची संवेदनाहारक औषधे देऊनच झाली होती. सुयांचा वापर नंतरच्या अस्वस्थतेसाठी झाला. एका पत्रकाराच्या पोटदुखीने जे साधले ते अनेक वैद्यकीय निबंधांना साधले नव्हते, असे म्हणावे लागते.

नंतरच्या संशोधनाने चित्र पुष्कळ स्पष्ट केले. शरीरातच निर्माण होणाऱ्या अफूसदृश वेदनाशामक द्रव्यांचा शोध १९७५ मध्ये लागला आणि सुयांच्या परिणामाचे शरीरक्रियात्मक स्पष्टीकरण शोधण्यास आधार मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये नेमलेल्या तज्ञमंडळाने शस्त्रक्रियेनंतरची व कर्करोगावरील औषधांमुळे होणारी मळमळ आणि दंतशस्त्रक्रियेनंतरची वेदना यांत ही पद्धती उपयुक्त ठरते, असे मत दिले. जर्मनीत १,१६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्ष विशेष विचारात घेण्याजोगा आहे. शास्त्रोक्त टोचणीने ४७·६ टक्के, चुकीच्या जागी केलेल्या वरवरच्या टोचणीने ४४·२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७·४ टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे रुग्णास लाभ झाला, परंतु बिंदूंच्या सिद्धांतास पुष्टी मिळाली नाही. तरीही जर्मनीच्या आरोग्य विम्यात दीर्घकालीन कंबरदुखी व गुडघ्याचा संधिविकार यांसाठी ॲक्युपंक्चरचा समावेश २००७ पासून झाला.

भारतात पश्चिम बंगालने १९९६ मध्ये प्रथम स्वतंत्र कायदा केला. केंद्र शासनाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारप्रकार म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राचा ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम २०१५ चा असून त्यानुसार स्थापन झालेल्या परिषदेकडे व्यावसायिकांची नोंदणी व अभ्यासक्रमांची मान्यता ही कामे आहेत. मराठवाड्यात औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील इंडियन ॲकॅडमी ऑफ ॲक्युपंक्चर सायन्स ही संस्था प्रशिक्षणाचे कार्य करीत आली आहे.

नोंदणी होणे आणि रुग्णालयात स्थान मिळणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. कोटणीसांच्या सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी शेतमजुराची कंबर दुखते, तेव्हा ती श्रमाने दुखते की मणक्याच्या क्षयाने, हे सुई ठरवू शकत नाही. वेदना शमली आणि क्षय वाढत राहिला, तर उपचारानेच अपाय केला असे होईल. म्हणून निदान करणारा डॉक्टर व सुया टोचणारा उपचारक एका छताखाली असणे आणि दोघांची नोंद रुग्णाच्या एकाच कागदावर होणे महत्त्वाचे ठरते. सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्या लागतात. छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसास छिद्र पडू शकते. अशा वेळी हाताशी रुग्णालय असेल तरच रुग्णाचा जीव वाचण्याची शाश्वती राहते.