बारामतीचे मोरोपंत : कानासाठी घडलेली कविता

१/ मोरोपंत म्हटले की लांबलचक समास आणि हट्टाने जुळवलेली यमके आठवतात. ‘पंडित कवी’ हा शिक्का त्यांच्यावर इतका पक्का बसला आहे, की ही कविता मुळात डोळ्यांसाठी नव्हे, कानांसाठी घडली, याचा विसर पडतो.

२/ मोरोपंत रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यास झाला. संस्कृत काव्याचे अध्ययनही तेथेच झाले. पुढे पेशव्यांचे आप्त आणि सावकार असलेल्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस पुराणिक झाले. १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत कऱ्हाकाठचे हे गाव त्यांची कर्मभूमी राहिले.

३/ संस्कृत ग्रंथ श्रोत्यांपुढे वाचून त्याचा अर्थ मराठीत उलगडणे, हे पुराणिकाचे काम. श्रोता कोठे रंगतो आणि कोठे चुळबुळतो, हे त्याला समोरच दिसते. मोरोपंतांच्या रचनेमागे ही सभा उभी आहे.

४/ त्यांची ‘आर्या’ पाहा. ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा, दीर्घाच्या २. संस्कृत आर्येच्या पहिल्या अर्धात ३० मात्रा असतात, दुसऱ्यात २७. पंतांनी बहुतांशी योजलेल्या ‘गीती’ या प्रकारात मात्र दोन्ही अर्ध ३० मात्रांचे, म्हणजे १२ आणि १८. शेवटी यमक. दोन समतोल ओळी, चटकन पाठ होणाऱ्या आणि सहज गाता येणाऱ्या.

५/ कीर्तनकाराला नेमके हेच हवे होते. उत्तररंगात आख्यान सांगताना कथा पुढे नेणारे आणि चालीवर म्हणता येणारे पद्य लागते. ‘आर्याभारता’तून त्याला महाभारतातले प्रसंग तयार मिळाले.

६/ पंतांनी १०८ रामायणे रचल्याची ख्याती आहे आणि त्यांतील अनेक रामायणे म्हणजे रचनेचे प्रयोग आहेत. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायचे वर्णच वर्ज्य! ‘म’ ओष्ठ्य आहे, म्हणून ‘राम’ हे नावच घेता येत नाही. तरी रामकथा सांगायची. अशा वेळी कवीने स्वतःवर घातलेले बंधन श्रोत्यापासून लपत नाही. गाणाऱ्याच्या न मिटणाऱ्या ओठांवर ते डोळ्यांनी पाहता येते.

७/ तरीही पंडिताची कविता बहुजनांपर्यंत पोहोचवायला दुसरा कलावंत लागला. सोलापूरचे रामजोशी लावणीकार म्हणून गाजले आणि पुढे कीर्तनाकडे वळले. त्यांनी कीर्तनांतून पंतांच्या आर्या गावोगावी नेल्या. तमाशाच्या फडात तयार झालेला गळा आणि पुराणिकाची संस्कृतप्रचुर वाणी यांची ही गाठ मराठी साहित्यातील मोठी घटना आहे.

८/ एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि कविता एकट्याने, मनातल्या मनात वाचली जाऊ लागली. चाल गेली, टाळ-मृदंग गेला. कागदावर समास आणि यमके तेवढी उरली. पंत खरे कवी की नुसते शब्दांचे कारागीर, हा वाद पेटला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांची बाजू हिरिरीने मांडली.

९/ आक्षेप अगदीच निराधार नव्हता. काही ठिकाणी यमकापायी अर्थ ओढाताणीत सापडतो. पण चालीवर म्हणायची रचना मौनात वाचून जोखली, तर न्याय अर्धाच होतो. म्हणून मोरोपंतांची एखादी आर्या हाती आली, तर ती आधी मोठ्याने म्हणावी, १२ मात्रांवर क्षणभर थांबावे, आणि मगच तिचे मोल ठरवावे.