‘मुस्तफा’ची पेटी: नक्कल नक्की कशाची?

समजा, वाशीतल्या फ्लॅटमध्ये तुम्हाला १९९०च्या दशकातल्या व्हिडिओ गेम पार्लरमधली पेटी पुन्हा बांधायचीय. गेम ‘मुस्तफा’. कागदोपत्री नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम, १९९३. पण आपल्याकडे तो त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखला गेला. (म्हणजे इंग्रजी नावाने मुलाखती घ्यायला गेलात तर बरेच जण नुसते बघत राहतील.)

गेम चालवणं सोपं, ‘मेम’ हे एम्युलेटर १९९७ पासून आहे. गोची प्लायवूड कापताना होते. गेम तिघांचा. पण पेटी आणि बोर्ड जोडणाऱ्या ‘जाम्मा’ या जपानी पद्धतीच्या ५६ टोकांत सोय दोघांचीच. तिसऱ्यासाठी वेगळी वायरिंग लागते. दोघांच्या जुन्या पेटीत नुसता बोर्ड बदलला, की तिसरा खेळाडू गळाला! मग जॉयस्टिक किती बसवायच्या, कंपनीच्या कागदाप्रमाणे की पार्लरमध्ये होत्या तेवढ्या?

नाण्याचंही तेच. अमेरिकन आराखडा क्वार्टरसाठी: २४.२६ मिमी, ५.६७ ग्रॅम. आपला १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया २५ मिमी, ४.८५ ग्रॅम.

तेव्हा मुलाखतीत ‘पार्लर कसं होतं?’ असं मोघम विचारू नका. ‘मुस्तफा खेळताना दोघं उभे राहायचात की तिघं? आत रुपया टाकायचात की टोकन?’ असं विचारा.