ब्रायटनची छत्री आणि गावचा दगड

भारतातून पाहुणे येणार असं ठरलं की आमच्या फ्रीजवर एक यादी चिकटते. लंडन आय, मादाम तुसाँ, बकिंगहॅम पॅलेससमोरचा पहारा, स्टोनहेंज. गेल्या आठ-दहा वर्षांत ही यादी इतक्यांदा राबवली आहे की आमची दोन्ही मुलं आता डोळे मिटून गाईडचं काम करू शकतील. पण गेल्या उन्हाळ्यात माझे मामा आले आणि यादी कोलमडली. मामा कोरेगाव तालुक्यातल्या हायस्कूलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. यादी वाचून म्हणाले, "अरे, मेणाचे पुतळे बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? तुझ्या मुलांना समुद्र दाखव, मीही बघतो." म्हणून आम्ही ब्रायटनला गेलो. तिथे जे पाहिलं, ते तुमच्याही यादीत असावं म्हणून हा लेखनप्रपंच.

ब्रायटनच्या मध्यावर रॉयल पॅव्हेलियन आहे. बाहेरून घुमट आणि मिनार, आत सगळा चिनी थाट! राजपुत्र असताना चौथ्या जॉर्जला मौजमजेसाठी इथे राहायची आवड लागली. जॉन नॅश या वास्तुशिल्पकाराने १८१५ नंतर त्या वास्तूला आजचं रूप दिलं. व्हिक्टोरिया राणीला मात्र ती आवडेना. १८५० मध्ये ती ब्रायटन शहराने विकत घेतली. म्हणजे पहिल्या महायुद्धापर्यंत राजघराण्याचा तिच्याशी संबंध उरलेला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९१४ च्या सप्टेंबर अखेरीला हिंदी सैन्य मार्सेय बंदरात उतरलं. लाहोर आणि मेरठ अशा दोन डिव्हिजन. अंगावर उन्हाळी कपडे, समोर फ्रान्स-बेल्जियमचा हिवाळा. जखमींचा ओघ इतका वाढला की डिसेंबरात पॅव्हेलियन आणि शेजारचा डोम यांचं इस्पितळ करण्यात आलं. खाटा सातशेहून जास्त. खाणावळीची व्यवस्था ऐकून आमच्या सौ. थक्क झाल्या. धर्म आणि जात सांभाळायला नऊ वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. १८५७ च्या काडतुसांचा धसका साहेब अजून विसरला नव्हता. शिपायांच्या विश्वासाची काळजी घेतो आहोत हे हिंदुस्थानात दिसायला हवं होतं. इस्पितळाची छायाचित्रं काढली, पोस्टकार्डं छापली, गुरुमुखी आणि उर्दूत पुस्तिका काढली. राजाने आपला राजवाडा जखमी शिपायांना दिला, असा एकंदर सूर. वाडा तर पासष्ट वर्षांपूर्वीच शहराचा झाला होता!

"जाहिरात खातं तेव्हाही जोरात होतं म्हणायचं," मामा म्हणाले. पण शुश्रूषा खरी होती, हेही त्यांनी मुलांना सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे नऊ वर्षांच्या पोराला पटवणं सोपं नाही.

जे शिपाई वाचले नाहीत त्यांपैकी मुसलमानांचं दफन वोकिंगला झालं. हिंदू आणि शिखांसाठी शहराबाहेर, पॅचम गावाच्या वरच्या टेकडीवर चिता रचल्या. त्रेपन्न जणांना तिथे अग्नी दिला, रक्षा समुद्रात सोडली. त्याच जागेवर संगमरवरी छत्री उभी आहे. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पकाराचा.

गाडी छत्रीपर्यंत जात नाही. मेंढ्यांच्या कुरणातून साधारण मैलभर चालावं लागतं. अर्ध्या वाटेत चिरंजीवांनी विचारलं, "मामाआजोबा, छत्री म्हणजे अम्ब्रेला ना?" मामा थांबले. दम लागला होता, पण मास्तर जागा झाला. "पुण्याला वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे. जिथे दहन झालं तिथेच बांधलेली. ही तशीच." वर पोहोचल्यावर आठ खांब, घुमट, समोर तीन मोठ्या शिळा. खाली सगळं ब्रायटन आणि पलीकडे समुद्र. वारा असा की धाकटीची टोपी उडाली. मेंढ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

छत्रीवर इंग्रजीबरोबर हिंदी मजकूरही आहे. नावं मात्र नाहीत. ती २०१० मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने शेजारच्या वेगळ्या स्मारकावर कोरली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. मामांनी त्रेपन्नच्या त्रेपन्न नावं मोठ्याने वाचली. नंतर बराच वेळ ते गप्प होते.

परतीच्या वाटेवर बोलले. आमच्या आजोळच्या गावात एक पांढरा दगड आहे. तसे सातारा जिल्ह्यात आणि कोकणात गावोगाव आहेत. गावातून किती माणसं महायुद्धाला गेली आणि किती मेली, एवढेच दोन आकडे. मामांचे चुलत आजोबा त्या दुसऱ्या आकड्यात होते. "आपले मराठे इथे नाहीत सापडायचे. ते बसऱ्याकडे गेले," मामा म्हणाले. खरंच आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. कुत शहरात त्यांना तुर्कांनी १४७ दिवस वेढलं. शेवटी घोड्याच्या मांसावर वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सैन्य शरण गेलं आणि हजारो कैदी वाळवंट तुडवताना मेले.

बसऱ्याला स्मारक झालं, त्यावर गोऱ्या शिपायांची आणि हिंदी अंमलदारांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणीखाली फक्त आकडे! कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात ही असमान वागणूक मान्य केली. आता त्यांच्या संकेतस्थळावर ही नावं शोधता येतात.

माझा धंदाच हा, त्यामुळे रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. काहींच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा आहे. पण इंग्रज कारकुनाने कानाने टिपलेलं मराठी गाव ओळखणं म्हणजे सांकेतिक लिपी सोडवण्यासारखं. एका आडनावाची पाच स्पेलिंगं घालून पाहिली. चिरंजीव झोपायचे नावच घेईनात. बाराच्या सुमारास दोन नोंदी उरल्या. नाव सारखं, जिल्हा सातारा, गावाचं स्पेलिंग दोन्हीकडे घोटाळ्याचं. एकाचा मृत्यू १९१६ चा, दुसऱ्याचा १९१७ चा. यातले आपले कोणते?

मामांनी चष्मा पुसला. घरात या आजोबांची तिथी कुणालाच माहीत नव्हती, म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढतात, शंभर वर्षं. "दोन्ही छापून दे," म्हणाले.

मादाम तुसाँ शेवटी राहूनच गेलं. सर्वपित्रीच्या दिवशी मी फोन केला तर मामींनी उचलला. म्हणाल्या, "अरे, यंदा ह्यांनी एक पान जास्त वाढायला लावलं. कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणतात शेजारच्या गावचा असेल, आपल्याकडेच जेवू दे."