ओके (शब्द)

ओके हा मूळचा अमेरिकन इंग्लिशमधील अनौपचारिक शब्द असून तो होकार, पोच, पसंती किंवा सुस्थिती दर्शवण्यासाठी वापरला जातो. मराठी बोलीत त्याचा 'ओक्के' असा उच्चारही रूढ आहे. जून २०२२ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांच्या दूरध्वनी संभाषणामुळे हा उच्चार महाराष्ट्रभर गाजला.

व्युत्पत्ती

१८३० च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या वृत्तपत्रांत शब्द मुद्दाम चुकीच्या वर्णांनी लिहून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची विनोदी टूम होती. 'ऑल करेक्ट' म्हणजे 'सर्व बरोबर' या शब्दांच्या अशाच विडंबनातून 'ओ' आणि 'के' ही अक्षरे आली. २३ मार्च १८३९ रोजीच्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मधील उल्लेख हा या शब्दाचा सर्वात जुना ज्ञात छापील वापर मानला जातो. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या किंडरहूक या गावावरून 'ओल्ड किंडरहूक' असे नाव घेत हीच अक्षरे प्रचारात वापरली. व्हॅन ब्यूरेन पराभूत झाले, शब्द मात्र टिकला. भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६० च्या दशकात हा इतिहास पुराव्यांसह मांडला. शब्दाचे मूळ चॉक्टॉ या आदिवासी भाषेत किंवा पश्चिम आफ्रिकी भाषांत असल्याची मतेही मांडली गेली आहेत.

मराठीतील अर्थ

मराठीत हा शब्द पुढील अर्थांनी येतो:

• होकार : 'चालेल', 'बरं', 'ठरलं' यांऐवजी.
• पोच : निरोप मिळाला, एवढेच सांगण्यासाठी.
• मंजुरी : 'साहेबांनी कागद ओके केला.'
• सुस्थिती : 'गाडी ओके आहे.'

होकार आणि पोच या दोन अर्थांतील सीमारेषा पुसट आहे. 'उद्या पैसे पाठव' या निरोपाला आलेले 'ओके' हे उत्तर पाठवणाऱ्याच्या लेखी केवळ पोच असू शकते, तर घेणारा ते वचन समजू शकतो. 'निरोप मिळाला' आणि 'नक्की पाठवतो' या मराठी उत्तरांत असा संदेह राहत नाही.

इंग्लिशमध्ये एखादी गोष्ट 'ओके' आहे असे म्हटल्यास पुष्कळदा ती 'ठीकठाक', म्हणजे मध्यम प्रतीची, असा अर्थ होतो. मराठीत 'एकदम' जोडल्यावर आणि ककाराचे द्वित्व केल्यावर तोच शब्द उत्तमतेचा वाचक होतो. 'अजिबात'चे 'अज्जिबात' किंवा 'सगळं'चे 'सग्गळं' होताना जो जोर येतो, तोच 'ओक्के'मध्ये आढळतो. लिंग व वचनानुसार हा शब्द बदलत नाही.

मालमोटारींवरील वापर

भारतात मालमोटारींच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' असे रंगवण्याची प्रथा आहे. त्यातील 'ओके'बद्दल अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. त्यांपैकी एकही निर्विवाद सिद्ध झालेली नाही. या मजकुरामुळे विनाकारण भोंगा वाजवण्यास उत्तेजन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने एप्रिल २०१५ मध्ये तो रंगवण्यास मनाई केली.

सांगोला आणि २०२२ मधील राजकारण

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेतून बाहेर पडलेले आमदार आसाममधील गुवाहाटी येथील हॉटेलात मुक्कामी होते. तेथून शहाजीबापू पाटील यांनी एका कार्यकर्त्याशी केलेले संभाषण समाजमाध्यमांवर पसरले. 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' असे वर्णन करून सारे 'ओक्के' असल्याचे त्यांनी सांगितले होते. सांगोला हा माणदेशातील अवर्षणप्रवण तालुका असल्याने झाडी आणि डोंगरांच्या या कौतुकाकडे विशेष लक्ष वेधले गेले. संभाषणातील 'हाटील' हे रूप आणि पुढे सर्वतोमुखी झालेला 'ओकेमधी' हा प्रयोग ग्रामीण बोलीतले आहेत. 'ओकेमधी'त इंग्लिश शब्दाला 'मध्ये' या शब्दयोगी अव्ययाचे बोलीरूप जोडून स्थिती दर्शवली जाते. या संवादावर गाणी व विनोदी चित्रफिती तयार झाल्या.

३० जून २०२२ रोजी शिंदे मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमधील पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली. बोलीत 'खोका' म्हणजे एक कोटी रुपये. पक्षांतरासाठी पैसे घेतल्याचा आरोप त्यातून सूचित होता. शिंदे गटाने तो फेटाळला. अशा रीतीने समाधान व्यक्त करणारा शब्द दोन महिन्यांच्या आत उपरोधाचा शब्द बनला.

औपचारिक लेखन

शासकीय व ग्रांथिक मराठीत 'ओके' सहसा टाळला जातो. त्याऐवजी प्रसंगानुसार 'मान्य', 'मंजूर', 'योग्य' किंवा 'सुस्थितीत' हे शब्द वापरले जातात. त्यांचे अर्थ एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे आहेत. 'ओके' मात्र या सर्वांना एकाच उच्चारात सामावून घेतो.