अचानक होणारी केसगळती

काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत डोक्यावरील केस नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्रमाणात गळू लागणे, यास अचानक होणारी केसगळती म्हणतात. आनुवंशिक टक्कल अनेक वर्षांत हळूहळू पडते. हा प्रकार त्याहून वेगळा आहे. त्यामागे आजार, प्रसूती, कुपोषण, औषधे, विषबाधा अशी अनेक कारणे असू शकतात. मूळ घटना आणि केसगळती यांच्यात किती काळ गेला, हा कारण ओळखण्यातील महत्त्वाचा दुवा असतो.

केसांचे जीवनचक्र

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस तीन अवस्थांतून जातो. ॲनाजेन ही वाढीची अवस्था २ ते ६ वर्षे, कॅटाजेन ही संक्रमणाची अवस्था २ ते ३ आठवडे आणि टेलोजेन ही विश्रांतीची अवस्था सुमारे ३ महिने टिकते. निरोगी व्यक्तीचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. विश्रांतीची अवस्था संपलेले केस गळून पडतात, म्हणून दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते.

कारणे

टेलोजेन एफ्लुव्हियम : हे अचानक होणाऱ्या केसगळतीचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. ही संज्ञा अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये मांडली. शरीरावर मोठा ताण आल्यास वाढीच्या अवस्थेतील अनेक केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि २ ते ३ महिन्यांनी एकत्रितपणे गळतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड-१९ यांसारखे तापाचे आजार, मोठी शस्त्रक्रिया, अतिरेकी आहारनियंत्रण, प्रथिने व लोह यांची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि काही औषधे यांमुळे असे घडते. गरोदरपणात संप्रेरकांच्या प्रभावामुळे केस वाढीच्या अवस्थेत अधिक काळ राहतात. प्रसूतीनंतर काही महिन्यांत ते गळू लागतात. केसगळती सुरू होईपर्यंत मूळ आजार बरा झालेला असल्यामुळे रुग्ण बहुधा नवे तेल, शाम्पू किंवा पाणी यांना दोष देतो.

ॲनाजेन एफ्लुव्हियम : यात वाढीच्या अवस्थेतीलच केस तुटतात, त्यामुळे केसगळती काही दिवसांत ते आठवड्यांत सुरू होते. कर्करोगावरील केमोथेरपी हे त्याचे प्रमुख कारण आहे. थॅलियमसारख्या विषारी पदार्थांच्या बाधेतही केस अशाच वेगाने गळतात.

चाई : या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केशमुळांवर हल्ला करते. डोक्यावर किंवा दाढीत गुळगुळीत, गोलाकार चट्टे पडतात. चाई संसर्गजन्य नाही.

बुरशीचा संसर्ग : हा मुख्यतः लहान मुलांत आढळतो. टाळूवर खाज व कोंडा असतो आणि केस तुटके दिसतात.

बुलढाणा जिल्ह्यातील घटना

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस झपाट्याने गळून टक्कल पडले. रुग्णांत स्त्रिया, तरुण व विद्यार्थी यांचाही समावेश होता. प्रारंभी बुरशीचा संसर्ग आणि दूषित पाणी यांबाबत संशय व्यक्त झाला. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकानेही गावांना भेट देऊन नमुने घेतले.

महाड येथील डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासणी करून रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण खूप वाढल्याचे आणि जस्ताचे प्रमाण कमी असल्याचे सांगितले. शिधावाटप दुकानांतून मिळालेल्या गव्हातील सेलेनियम हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते; अति झाल्यास केस व नखे गळतात. एप्रिल २०२५ मध्ये याच भागातील काही रुग्णांची नखे गळू लागल्याचे समोर आले. त्यापूर्वी २००८ मध्ये अमेरिकेत सेलेनियमचे प्रमाण चुकलेल्या एका पूरक आहारामुळे अनेकांचे केस गळले होते.

निदान

डॉक्टर मागील ३ ते ४ महिन्यांतील आजार, औषधे, आहार व प्रसूती यांची माहिती घेतात. सुमारे ५० ते ६० केसांची बट हलकेच ओढून किती केस हाती येतात, हे पाहिले जाते. गरजेनुसार हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड यांच्या चाचण्या करतात. एकाच गावातील किंवा कुटुंबातील अनेकांना एकाच वेळी त्रास झाल्यास पाणी व अन्न यांची तपासणी आवश्यक ठरते.

उपचार

टेलोजेन एफ्लुव्हियममध्ये केशमुळे शाबूत राहतात. मूळ कारण दूर झाल्यावर केसगळती बहुधा ६ महिन्यांत थांबते. मात्र केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटरच वाढत असल्याने पूर्वीचा दाटपणा येण्यास अधिक काळ लागतो. केमोथेरपीनंतरही केस सहसा पुन्हा उगवतात. चाईवर स्टेरॉइडची इंजेक्शने देतात; तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बुरशीच्या संसर्गावर पोटातून घ्यावयाची बुरशीनाशके लागतात. तपासणी न करता पूरक गोळ्या घेणे हितावह नाही, कारण सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व यांच्या अतिरेकानेही केस गळतात.